ऑपेरा हाऊसचे भाग्य, इतरांचे काय?

गिरगावनजीकच्या रॉयल ऑपेरा हाऊसमध्ये नुकताच गायनाचा कार्यक्रम ऐकला. १९११ साली पंचम जॉर्ज यांच्या हस्ते उद्घाटन झालेली ही वास्तू पुढे चित्रपटगृह बनली, १९९३ मध्ये बंद पडली आणि २०१६ मध्ये रंगमंच म्हणून पुन्हा उघडली. सोनेरी नक्षीचे सज्जे पाहून मन प्रसन्न होते, यात शंका नाही. परंतु २३ वर्षे उत्पन्नावाचून वास्तू राखण्याची ऐपत गोंडलच्या राजघराण्याला होती. एकपडदा चित्रगृहांच्या सामान्य मालकांनी ती कोठून आणावी? २००१ मध्ये शासनाने करमणूक करात सूट दिली, तीही मल्टिप्लेक्सना! जुन्यांनी मात्र कर भरीत राहावे, असा तो अजब न्याय. आता एखादा मालक आपले चित्रगृह नाट्य-संगीतासाठी खुले करू म्हणेल, तर महापालिकेने निदान काही वर्षे मालमत्ता करात सवलत द्यावयास हरकत नसावी.