चौथी खेप

शेतकरी, वाघ, शेळी आणि गवताचा भारा. होडी लहान, शेतकऱ्याबरोबर यातलं एकच काही मावतं. शेतकरी नसला की वाघ शेळीला खाणार, शेळी गवताला. सगळे सुखरूप पैलतीरी कसे न्यायचे? हे कोडं मराठी घरांत पिढ्यानपिढ्या घातलं जातं आणि ते घालणारा बहुधा उत्तर सांगायला उतावीळ असतो. मला त्याचं वाईट वाटतं. या कोड्यात खरी अडचण एकाच ठिकाणी आहे आणि त्या ठिकाणी सोडवणाऱ्याला जरा एकटं बसू द्यायला हवं.

पहिल्या खेपेला पर्यायच नाही. शेळी न्यायची, कारण वाघ गवताला तोंड लावत नाही. रिकामं परत यायचं. मग वाघ न्या किंवा गवत न्या, दोन्ही चालतं. समजा वाघ नेला. आता पलीकडे वाघ आणि शेळी एकत्र आले आणि शेतकऱ्याला तर अलीकडे यायचंय. इथे भलेभले थांबतात. कुणी शेळीला झाडाला बांधायला निघतं, कुणी वाघाला पोहायला लावतं. उत्तर समोरच असतं: शेळीला पुन्हा होडीत घालून परत आणायचं. मग तिला अलीकडे ठेवून गवत न्यायचं, रिकामं यायचं आणि शेवटी शेळी न्यायची. एकूण सात खेपा.

हे सुचत नाही त्याला कारण आहे. सगळ्यांना पलीकडे न्यायचं एवढंच डोक्यात असल्यामुळे पलीकडे किती पोचले यावर आपण प्रगती मोजतो. त्या मापाने शेळी परत आणणं म्हणजे झालेलं काम मोडणं. बुद्धी कमी पडते म्हणून आपण अडत नाही, माप चुकीचं धरतो म्हणून अडतो.

याच घराण्यातलं दुसरं कोडं तीन पाद्री आणि तीन नरभक्षकांचं. होडीत दोघे मावतात. कुठल्याही काठावर पाद्री असतील तर नरभक्षक त्यांच्याहून जास्त होता कामा नयेत. 1970च्या दशकात मानसशास्त्रज्ञांनी पाद्र्यांच्या जागी टोल्कीनच्या गोष्टीतले हॉबिट आणि नरभक्षकांच्या जागी ऑर्क घेऊन हे कोडं लोकांना सोडवायला दिलं आणि ते कुठे अडतात ते पाहिलं. उत्तर अकरा खेपांचं आहे. परतताना एरवी एकाने होडी वल्हवत आणली की भागतं. सहाव्या खेपेला मात्र दोघांना परत यावं लागतं, एक हॉबिट आणि एक ऑर्क. लोक जिथे हमखास अडखळले त्यातली ही एक जागा.

आता खेपा मोजून पाहा. सातांतली चौथी, अकरांतली सहावी. दोन्ही अगदी मधोमध! दोन्ही कोड्यांत खेपांची यादी शेवटाकडून वाचली तर पैलतीरावरून ऐलतीरी येण्याचं उत्तर मिळतं. म्हणजे उत्तराचे दोन अर्धे एकमेकांचं प्रतिबिंब आहेत आणि ती नकोशी वाटणारी खेप त्यांना जोडते.

कागदावर नकाशा काढला की ही खेप उलटी वाटेनाशी होते. शेतकरी, वाघ, शेळी, गवत यांतला प्रत्येक जण या काठावर किंवा त्या काठावर, म्हणून एकूण 16 स्थिती. त्यांतल्या सहांत कुणीतरी कुणाला तरी खातं, त्या खोडायच्या. उरल्या दहा. एका खेपेत जिथून जिथे जाता येतं तिथे रेघ ओढा. सुरुवातीच्या दोन स्थिती एका ओळीत, मग सहा स्थितींचं एक कडं, मग शेवटच्या दोन पुन्हा ओळीत. कड्याच्या एका बाजूने गेलं की वाघ आधी, दुसऱ्या बाजूने गेलं की गवत आधी. दोन्ही वाटा सारख्याच लांबीच्या. दहांतली एकही स्थिती वाया जात नाही. इतकं नेटकं कोडं मला दुसरं माहीत नाही. आणि या नकाशावर चौथी खेप बाकीच्या खेपांसारखीच मुक्कामाच्या एक घर जवळ नेते.

या कोड्याची सर्वांत जुनी लेखी नोंद लॅटिनमध्ये आहे, तरुणांची बुद्धी तल्लख करण्यासाठी रचलेल्या पन्नासहून अधिक प्रश्नांच्या एका संग्रहात. तो संग्रह यॉर्कच्या अल्क्विनचा मानला जातो. अल्क्विन 782च्या सुमारास सम्राट शार्लमेनच्या दरबारी शिक्षक म्हणून गेला आणि 804 मध्ये वारला. तिथे वाघाऐवजी लांडगा आहे, गवताऐवजी कोबी. त्याच संग्रहात एक भारदस्त जोडपंही आहे: नवरा आणि बायको प्रत्येकी एका गाडीच्या ओझ्याएवढे, दोन मुलं मिळून तेवढीच आणि होडीला पेलतं तेवढंच ओझं. तिथे मुलांनाच पुन्हा पुन्हा होडी परत आणावी लागते. नऊ खेपा होतात. बाराशे वर्षांपूर्वीच्या त्या शिक्षकाला मुलं नेमकी कुठे अडतात हे ठाऊक असणार, असं मला मनापासून वाटतं.

आफ्रिकेतही ही कोडी खूप आहेत. गणिताच्या अभ्यासक मार्सिया ॲशर यांनी 1990 मध्ये त्यांवर लेख लिहिला. त्यातलं झांबियातल्या इला लोकांचं कोडं मला फार आवडतं. एका माणसाबरोबर बिबट्या, शेळी, उंदीर आणि मक्याची टोपली. होडीत त्याच्याशिवाय एकच मावणार. उंदराला मागे सोडावं की बिबट्याला, याचा तो विचार करतो. पण दोघेही त्याला लेकरांसारखे, म्हणून नदी ओलांडायचा बेतच तो रद्द करतो. काहींना ही पळवाट वाटेल. मला ते अचूक उत्तर वाटतं आणि ते पडताळायला नकाशाही लागत नाही. बिबट्या नेला तर मागे शेळी मका खाते. उंदीर नेला तरी तेच. शेळी नेली तर उंदीर मका खातो. मका नेला तर बिबट्या शेळी खातो. कुणालाच न घेता तो निघाला, तर काठावर दोन्ही एकदमच.