विश्लेषण : विषाणूजन्य न्यूमोनियावर ‘स्टेम सेल’चा उपचार कितपत खरा?

परतूर : विषाणूचा संसर्ग फुप्फुसात उतरून ऑक्सिजन झपाट्याने घसरला, की परतूर तालुक्यातील रुग्णाला जालना किंवा थेट छत्रपती संभाजीनगरला हलवावे लागते. अतिदक्षता विभागाबाहेर बसलेले नातेवाईक मोबाइलवर उपाय शोधतात आणि ‘स्टेम सेल’चे नाव समोर येते. त्यासाठी शेत गहाण टाकण्याआधी हे वाचा.

उपचार नेमका काय?
नाळेतून किंवा अस्थिमज्जेतून घेतलेल्या मूळपेशी प्रयोगशाळेत वाढवून शिरेतून दिल्या जातात. त्यातील बहुतांश पेशी फुप्फुसातच अडकतात. गंभीर आजारात बेफाम झालेली प्रतिकारशक्तीच फुप्फुसाला इजा करते. हा दाह पेशींमधून स्रवणारी द्रव्ये शमवतील, अशी अपेक्षा असते. पेशींपासून नवे फुप्फुस तयार होत नाही.

पुरावा काय सांगतो?
अमेरिकेतील मायामी विद्यापीठाने २४ करोना रुग्णांवर चाचणी घेतली. महिनाभरानंतर पेशी दिलेल्यांपैकी ९१ टक्के, तर इतरांपैकी ४२ टक्के रुग्ण जिवंत होते. आकडा मोठा, पण रुग्ण मोजकेच. ‘मेसोब्लास्ट’ कंपनीने ३०० रुग्णांची चाचणी आखली होती. मृत्यू कमी होण्याची चिन्हे नसल्याने डिसेंबर २०२० मध्ये तिची भरती थांबली. उलट, ब्रिटनमधील ‘रिकव्हरी’ चाचणीत डेक्सामेथासोन या स्वस्त औषधाने व्हेंटिलेटरवरील रुग्णांचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटले.

मग मंजुरी कशाला मिळाली?
‘मेसोब्लास्ट’च्या त्याच पेशींना अमेरिकेत डिसेंबर २०२४ मध्ये मंजुरी मिळाली. मात्र ती मूळपेशी प्रत्यारोपणानंतर मुलांमध्ये होणाऱ्या एका गुंतागुंतीसाठी आहे, फुप्फुसाच्या संसर्गासाठी नाही. जाहिरातीत नेमका हाच फरक गाळला जाऊ शकतो.

भारतात नियम काय?
आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्तविकारांसारख्या मान्य आजारांतील प्रत्यारोपण वगळता मूळपेशींचा वापर केवळ मंजूर चाचणीतच करता येतो. चाचणीमुळे इजा झाल्यास मोफत उपचार व भरपाईची तरतूद २०१९ च्या नियमांत आहे.

नातेवाईकांनी काय विचारावे?
• चाचणीचा सीटीआरआय नोंदणी क्रमांक काय? ही नोंद ऑनलाइन मोफत तपासता येते.
• नैतिक समितीची मंजुरी आहे का?
• मराठीत लेखी संमतीपत्र मिळेल का?
• पैसे कशाचे? प्रयोगाचा खर्च रुग्णाने द्यायचा नसतो.

या प्रश्नांची लेखी उत्तरे मिळेपर्यंत सही करू नये आणि पैसेही भरू नयेत.