जोर कुठे द्यायचा?

महाराष्ट्रात २००० साली पहिलीपासून इंग्रजी सुरू झाली, पण लांब शब्द शिकवण्याची आपली रीत अजून स्पेलिंग घोकण्याचीच आहे. छत्रपती संभाजीनगरात १९५८ पासून विद्यापीठ आहे; ‘युनिव्हर्सिटी’ इथल्या रिक्षावाल्याच्याही तोंडी असते. त्यात जोर ‘व्हर्’वर येतो, आणि तो मनमानी नव्हे: शेवटी ‘इटी’ आली की जोर तिच्या आधीच्या तुकड्यावर. म्हणूनच ‘इलेक्ट्रिक’मध्ये ‘लेक्’वर असलेला जोर ‘इलेक्ट्रिसिटी’त ‘ट्रि’वर सरकतो. ‘एज्युकेशन’मध्ये तो ‘शन’च्या आधीच्या ‘के’वर. (‘टेलिव्हिजन’ मात्र हा नियम धुडकावतो.) मराठीत जोर हलला म्हणून शब्द बदलत नाही, त्यामुळे आपण सगळे तुकडे एकाच मापाने म्हणतो. वाळूजच्या कंपनीत मुलाखतीला समोर परदेशी माणूस असला, तर ओळखीचा शब्दही त्याला चटकन कळत नाही.

हे साहेबी उच्चारांचे लांगूलचालन आहे, असे कुणी म्हणेल. पण इथे नाकातून बोलायला कुणी सांगत नाही. सांगितलेले समोरच्याला कळावे, एवढेच. उपसर्ग-प्रत्यय मुले मराठी व्याकरणात शिकतातच. तीच नजर इंग्रजीच्या तासाला वापरायला वेगळे अनुदान लागत नाही. शिक्षकांनाच हे कुणी शिकवले, हा आक्षेप मात्र खरा आहे. सुरुवात डी.एल.एड.च्या वर्गातूनच करावी लागेल.