देखणी गाडी आणि टिकलेली गाडी

मोटारगाडीला कलाकृतीचा मान क्वचितच मिळतो. इंग्लंडच्या ‘जग्वार ई-टाइप’ला तो मिळाला. न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने १९९६ मध्ये ही गाडी आपल्या संग्रहात घेतली. मार्च १९६१ मध्ये ती जिनिव्हा येथे प्रथम लोकांसमोर आली, तेव्हाच पाहणारे भारावून गेले होते. लांबलचक बॉनेट, मागे अलगद उतरत गेलेले छप्पर आणि ताशी सुमारे २४० किलोमीटर वेगाचा दावा. शिवाय किंमत त्या काळच्या फेरारीहून कितीतरी कमी! तिचा आकार योजणारा माल्कम सेयर पूर्वी विमान-उद्योगात होता. हवेचा विरोध कमी व्हावा म्हणून तो गाडीच्या वक्ररेषा गणिताने काढी. तेव्हा हे रूप केवळ नजरेच्या हौसेतून आलेले नव्हते.

सप्टेंबर १९६३ मध्ये पश्चिम जर्मनीतील फ्रँकफुर्टच्या प्रदर्शनात पोर्शे कंपनीने आपली नवी गाडी मांडली. तिचा क्रमांक ९०१ होता. परंतु मध्ये शून्य असलेल्या तीन अंकी क्रमांकांवर फ्रान्सच्या प्यूजो कंपनीने हक्क सांगितल्यामुळे ती ९११ झाली. जग्वारचे इंजिन ३.८ लिटरचे, हिचे अवघे २ लिटरचे. तेही मागच्या आसाच्या मागे बसवलेले! वळणावर चालकाने घाबरून ॲक्सिलरेटरवरचा पाय एकाएकी काढला, की भार पुढे सरके, मागच्या चाकांची पकड सुटे आणि गाडीचा जड मागचा भाग बाहेर फेकला जाई. हा दोष खरा होता आणि धोक्याचाही.

पोर्शेच्या अभियंत्यांनी इंजिन हलवले नाही. दोषावर मात्र ते वर्षानुवर्षे काम करीत राहिले. १९६८ मध्ये त्यांनी मागची चाके ५७ मिलिमीटर मागे नेली. पुढे मागचे टायर अधिक रुंद झाले. १९९३ मध्ये मागचे सस्पेन्शन नव्या पद्धतीचे आले. हवेने थंड होणारे इंजिन तर त्यांनी १९९८ पर्यंत सोडले नाही. याला कोणी हट्ट म्हणेल. पण आपल्या चुकीशी इतका काळ प्रामाणिकपणे झुंजणारा हट्ट दुर्मीळच.

इंग्रज कारागिरांना चिकाटी नव्हती, असे म्हणणे अन्यायाचे होईल. ई-टाइपच्या इंजिनाची मूळ रचना १९४८ सालची होती, आणि तिच्या आकारामागे १९५५ ते १९५७ अशी सलग तीन वर्षे ल माँची शर्यत जिंकणाऱ्या ‘डी-टाइप’चा अनुभव होता. खंड पडला तो नंतर. १९६६ मध्ये कंपनी एका मोठ्या उद्योगसमूहात विलीन झाली. पुढे मालक बदलत गेले. २००८ मध्ये ती भारताच्या टाटा मोटर्सकडे आली. १९७० मध्ये सेयर निवर्तला. अमेरिकेच्या नियमांपायी दिव्यांवरील काचेची आवरणे गेली, १९७१ मध्ये बॉनेटखाली बारा सिलिंडरांचे इंजिन आले, आणि १९७४ मध्ये सुमारे ७२ हजार गाड्यांनंतर उत्पादन थांबले.

दोन्ही गाड्या शेजारी उभ्या केल्या, तर नजर ई-टाइपवरच खिळेल. तरीही श्रेष्ठ रचना म्हणून कौल ९११ ला द्यावा लागतो. ई-टाइप जन्मतःच पूर्ण होती. तिच्यात केलेला प्रत्येक बदल तिला थोडा उणेपणा आणत गेला. ९११ अपूर्ण जन्मली आणि बदलांतूनच घडली. २०१७ मध्ये दहा लाखावी ९११ कारखान्याबाहेर पडली. तिचेही इंजिन मागच्या आसाच्या मागेच होते.