कडेच्या आकाशाला न्याय द्या

क्ष-किरण दुर्बिणीने टिपलेल्या चित्रात मध्यभागी उगमांची दाटी आणि कडेला विरळपणा दिसला, की आकाशाची रचनाच तशी असावी असा ग्रह वाचकाच्या मनात सहज होतो. आणि तो होऊ न देणे हे चित्र प्रसिद्ध करणाऱ्यांचे कर्तव्य आहे, असे आमचे मत आहे.

क्ष-किरण आरशावर समोरून आदळले तर परावर्तित न होता शोषले जातात. म्हणून जर्मन शास्त्रज्ञ हान्स वोल्टर यांनी 1952 साली सुचविलेल्या रचनेत ते आरशांच्या पृष्ठांना जवळजवळ घासून, दोनदा वळून केंद्रित होतात. परंतु उगम दुर्बिणीच्या अक्षापासून जसजसा दूर सरकतो, तसतसे काही किरण दुसऱ्या आरशाला चुकवितात, अधिक ऊर्जेच्या किरणांचे परावर्तन विशेष क्षीण होते, आणि किरण गोळा करणारे क्षेत्र घटते. शिवाय प्रतिमाही पसरते. सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांच्या नावाची, 1999 साली अवकाशात गेलेली ‘चंद्रा’ दुर्बीण मध्यावर सुमारे अर्ध्या विकलेइतका तपशील वेगळा दाखविते. अक्षापासून दहा कलांवर उगमाचा ठिपका दहापटीहून अधिक रुंद होतो, त्याच्या विस्तारात पार्श्वभूमीचा गोंगाट मिसळतो आणि मंद उगम त्यात बुडून जातो. दक्षिण आकाशाच्या एका छोट्या भागाकडे ‘चंद्रा’ने एकूण सुमारे 70 लाख सेकंद पाहिले, तरी तेथेही मध्याची खोली कडेला लाभली नाही.

अशा स्थितीत केवळ उगमांची संख्या जाहीर करणे म्हणजे चावडीभोवतालची घरे बारकाईने मोजून गावकुसाकडची अंदाजाने सोडून दिलेली खानेसुमारी होय. सामान्य वाचकाला इतका तांत्रिक तपशील कशाला, हा आक्षेप आम्हांस मान्य नाही. कोणत्या भागात किती मंद उगम दिसू शकला असता, हे एका ओळीत सांगता येते.

हा प्रश्न परका नाही. 2015 साली प्रक्षेपित झालेल्या ‘अ‍ॅस्ट्रोसॅट’ या भारतीय उपग्रहावरील मृदू क्ष-किरण दुर्बीण मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत घडली आणि तिची अनेक निरीक्षणे आज अभ्यासकांस खुली आहेत. ही निरीक्षणे हाताळणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांनी, आणि ती छापणाऱ्या संपादकांनीही, कोठे किती मंद उगम दिसू शकतो हे दाखविणारा संवेदनशीलतेचा नकाशा सोबत असल्याखेरीज कोणत्याही उगमगणनेवर विश्वास ठेवू नये.