वन्संच्या कपाळावरच्या आठ्या

लग्नसराईच्या खरेदीला लातूरच्या गंजगोलाईत गेले होते. तिथं एका ब्यूटी पार्लरचं पत्रक हातात पडलं: ‘नवरीच्या आईसाठी खास, एका इंजेक्शनात सुरकुत्या कायमच्या गायब.’ तेव्हापासून डोकं तापलंय. स्टेरॉइड मिसळलेली गोरं करणारी क्रीम अशाच दुकानांत मिळते. आता त्याच दुकानांत सुई आली.

त्यात नांदेडहून वन्संचा फोन. लेकीचं लग्न तोंडावर आलेलं.

“वैनी, पार्लरवाली म्हणती कपाळावर दोन सुया घ्या, फोटू चांगले येतील. घेऊ का?”

“सुई देणार कोण?”

“तीच की. कोर्स केलाय म्हणं तिनं.”

“औषधाची बाटली दाखवली का?”

“न्हाई बाई.”

हे औषध म्हणजे बोट्युलिनम टॉक्सिन. आकुंचन पाव, हा नसेचा निरोप ते स्नायूपर्यंत पोचू देत नाही, म्हणून आठी विरते. पुरता परिणाम दोन आठवड्यांत येतो, तीन-चार महिन्यांत ओसरतो. कायमचं काहीच नाही. सुया बंद केल्या की चेहरा आधीपेक्षा बिघडतो, हेही खोटं. तो होता तसा होतो. बाटली २ ते ८ अंशांत ठेवावी लागते. सुई चुकली तर पापणी काही आठवडे खाली येऊ शकते. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांनी हे टाळावं. २०२४ मध्ये अमेरिकेत बनावट औषध टोचून घेतलेल्या बायकांना दवाखान्यात भरती व्हावं लागलं. घ्यायचंच तर त्वचारोगतज्ज्ञाकडे जाऊन, बाटली डोळ्यांनी बघून घ्यावं.

आणि वन्संच्या कपाळावर आहे काय? सोयाबीनच्या रानात काढलेल्या उन्हाळ्या-पावसाळ्यांच्या रेघा. उन्हानं पडलेल्या अशा रेघा चेहरा स्वस्थ असतानाही दिसतात. या सुईनं त्या पुसल्या जात नाहीत. त्यापेक्षा लातूर-नांदेडच्या पोरी स्कूटीवर तोंडाला स्कार्फ गुंडाळतात, त्यानं त्वचा जास्त राखली जाते. मला चीड येते ती याची, की वन्संना स्वतःचं कपाळ आजवर कधी खुपलंच नव्हतं. ज्या बाईनं लेकीच्या शिक्षणासाठी रान राबवलं, तिला लग्नाच्या तोंडावर आरशापुढं उभं करून लाज वाटायला लावायची, आणि त्याचे पैसे घ्यायचे!

एरवी हे औषध मोठ्या गुणाचं आहे. सॅन फ्रान्सिस्कोचे नेत्रतज्ज्ञ ॲलन स्कॉट यांनी ते तिरळेपणावर आणलं. अमेरिकेत त्याला १९८९ मध्ये परवानगी मिळाली. सुरकुत्यांसाठीची परवानगी २००२ ची. लकव्यानंतर आवळलेली मूठ त्यानं सैल होते. सेरेब्रल पाल्सीमुळं चवड्यांवर चालणाऱ्या लेकराच्या पोटरीत ते दिलं, की स्नायूचा ताठरपणा काही महिने उतरतो. तेवढ्या काळात व्यायाम आणि पट्ट्यांनी टाच जमिनीला टेकवायची खटपट करता येते. हे सांगणारं पत्रक मात्र बाजारात कुणी वाटत नाही. घरात, गल्लीत असं लेकरू असेल तर त्याच्या आईला सांगा: नांदेडजवळच्या विष्णुपुरीच्या किंवा लातूरच्या शासकीय रुग्णालयात अस्थिरोग विभागात जाऊन या औषधाबद्दल विचारा, लेकरू लहान असतानाच विचारा.