संशय फिटला, पण माफीचं काय?



मागच्या आठवड्यात आमच्या महिला मंडळात सुट्टीच्या पुस्तकांचा विषय निघाला. एक ताई म्हणाल्या, "ते कुत्रा नाहीतर उंदीर गुप्तहेर होतो आणि चोर पकडतो, तसली पुस्तकं मी नातवंडांना देणार नाही. एवढ्याशा लेकरांच्या डोक्यात चोरी अन् संशय कशाला भरायचा? धर्मकथा द्याव्यात." तेव्हा मी गप्प बसले. आज इथं उत्तर देते, कारण त्या उत्तरात माझी स्वतःची एक चूक आहे.

पहिली गोष्ट अशी, की प्राण्यांच्या या शोधकथा काही बाहेरून आलेल्या नाहीत. पंचतंत्रातली बोलणारी गुहा आठवा. कोल्हा घरी येतो तर गुहेच्या तोंडाशी सिंहाची पावलं आत गेलेली दिसतात, बाहेर आलेली दिसत नाहीत. तो आत न शिरता बाहेरूनच गुहेला हाका मारतो, सिंह फसून ओ देतो आणि कोल्ह्याचा जीव वाचतो. माग काढणं यापेक्षा वेगळं काय असतं? आणि हे पंचतंत्र जपण्यात आपल्या मुनींचा मोठा वाटा आहे. पूर्णभद्र या जैन मुनींनी ११९९ साली त्याची जी संहिता सिद्ध केली, तिच्यावरूनच आर्थर रायडर यांनी १९२५ साली इंग्रजी भाषांतर केलं आणि ते जगभर वाचलं गेलं.

दुसरी गोष्ट जातककथांमधली, कुक्कुर जातक नावाची. राजाचा रथ रात्री अंगणात उघड्यावर राहिला. पावसानं चामड्याचे पट्टे भिजले आणि कुत्र्यांनी ते खाऊन टाकले. राजानं हुकूम सोडला, दिसेल तो कुत्रा मारा. फक्त राजवाड्यातल्या जातिवंत कुत्र्यांना हात लावायचा नाही. गावातले कुत्रे मरू लागले, तेव्हा त्यांचा म्होरक्या, स्वतः एक कुत्राच, थेट दरबारात गेला. त्यानं राजाला साधा प्रश्न विचारला, "पट्टे कोणी खाल्ले हे आपल्याला ठाऊक आहे का?" राजा म्हणाला, "नाही." "मग राजवाड्यातले का सोडले?" याला राजाकडे उत्तर नव्हतं. मग म्होरक्यानं ताक आणि दर्भाचं गवत मागवलं, वाड्यातल्या कुत्र्यांना पाजायला लावलं, आणि उलटीतून चामड्याचे तुकडे बाहेर पडले.

ही गोष्ट मी माझ्या नातीला गेल्या वर्षी सांगितली होती. ऐकताना मला वाटलं नव्हतं, की त्यातला राजा मीच होणार आहे.

उन्हाळ्यात आमच्याकडे वर्षाची हळद भरायचं काम असतं. हळदीचाच आपला हिंगोली जिल्हा, घराघरात तेच. त्या गडबडीनंतर दोन दिवसांनी नातीच्या बारशाला आलेली चांदीची वाटी सापडेना. मी घरात कोणालाच विचारलं नाही. भांडी घासायला येणाऱ्या मावशींना विचारलं. "मावशी, वाटी कुठं दिसली का?" एवढंच. पण आवाजात जे होतं ते त्यांना बरोबर कळलं. त्या काही बोलल्या नाहीत, हातातलं काम पुरं केलं आणि दुसऱ्या दिवशी आल्या नाहीत.

नातीनं मात्र माझीच उलटतपासणी घेतली. "आजी, वाटी शेवटची कधी बघितली? तेव्हा तू काय करत होतीस? हातात आणखी काय होतं?" एकेक आठवत आम्ही हळदीच्या डब्यापाशी पोचलो. हाताशी काही नव्हतं म्हणून हळद उपसायला मीच ती वाटी घेतली होती. वाटी डब्यातच, हळदीखाली होती. पोरगी हसत म्हणाली, "आजी, वाड्यातलाच कुत्रा निघाला!"

मला हसू आलं नाही. अठरा पापस्थानकांमध्ये तेरावं आहे अभ्याख्यान, म्हणजे कोणावर खोटा आळ घेणं. प्रतिक्रमणात ते नाव मी किती वर्षं म्हणत आले. पण आळ घ्यायला "तू चोर" असं म्हणावंच लागत नाही, नुसता प्रश्नसुद्धा पुरतो, हे मला त्या दिवशी कळलं.

म्हणून मंडळातल्या ताईंना माझं सांगणं आहे, की ही पुस्तकं जरूर द्या. लेकरांच्या डोक्यात संशय पुस्तकं भरत नाहीत. तो आपण भरतो, आपल्या स्वयंपाकघरात. चांगली शोधकथा उलट संशयाला लगाम घालते. आधी बघ, विचार, दुसऱ्या बाजूनं बघ, मग बोल. आपण ज्याला अनेकांत म्हणतो, त्याचा हा लहान मुलांना झेपणारा धडाच आहे.

पण पुस्तक घेताना दोन गोष्टी चाळून बघा. कोल्हा म्हणजे लबाड, कावळा म्हणजे चोर, असं जन्मावरूनच ठरवून टाकलेलं असेल तर ते पुस्तक ठेवून द्या. आणि शेवटचं पान नीट बघा. बहुतेक गोष्टी चोर सापडला की संपतात. मधे ज्या सशावर, ज्या खारीवर संशय घेतला, त्यांचं पुढं काय झालं, कोणी माफी मागितली का, हे कोणी लिहीत नाही. तेवढं आपण लेकरांना विचारायचं. कुक्कुर जातकात राजा तिथंच थांबत नाही. तो सगळ्या प्राण्यांना अभय देतो आणि कुत्र्यांना रोजचं अन्न लावून देतो.

संवत्सरीला आपण मोबाईलवर शंभर जणांना "मिच्छामि दुक्कडम्" पाठवतो. मावशींचा नंबर माझ्या त्या यादीत कधीच नव्हता. या वेळी मी संवत्सरीची वाट बघितली नाही. नातीला घेऊन त्यांच्या घरी गेले, तिच्या देखत हात जोडले आणि वाटी कुठं सापडली ते सांगितलं. मावशींनी नातीला गूळ-शेंगदाणे दिले. माझ्याशी फारसं बोलल्या नाहीत. चार दिवसांनी कामावर आल्या.

त्यांनी मला मनापासून माफ केलं की नाही, मला माहीत नाही. पण विचारणं माझं काम होतं, आणि ते नातीनं बघणं मला त्याहून गरजेचं वाटलं.